मल्लप्पाच्या नडग्या

मल्लप्पा समोरच बसलाय, खोटं बोललो तर थांबवेल. कुंभारी गावाहून गिरणीपर्यंत हा रोज उशिरा उठून भोंग्याच्या धाकानं पळत यायचा. शेवटी नडग्या इतक्या सुजल्या की मीच त्याला हाडवैद्य अण्णांकडं नेला. अण्णांनी नडगीवर अंगठा दाबला, तसा हा कळवळला.

"आंबेहळदीचा लेप लावतो," अण्णा म्हणाले, "पन पळणं बंद. घरातनं तासभर आधी निघायचं आन् निवांत चालत जायचं."

मल्लप्पा हळूच म्हणाला, "अण्णा, दुसरं काय औषध न्हाय का?"

"न्हाय. उद्या भोंग्याच्या आधी हितं ये, लेप बदलतो."

"म्हंजे हितं पन पळतच यावं लागंल की."