फियाटची राखण

गजराबाई : मेंढरं गाडीच्या भवतीनं बसवती. त्येच्या भायेर जाळी, जाळीच्या भायेर कुत्री. चोराच्या बापाला गावायची न्हाय तुमची गाडी. पर आप्पा, तुमी मधी झोपायचं न्हाय.

शांतलिंग : का? गाडी माझी आहे.

गजराबाई : गाडी तुमचीच हाय की. कुत्री आमची हायत. अंधारात मधनंच कुणी उठलं, खोकललं, तर त्येंना काय ठावं मालक हाय का चोर हाय? मेंढरं बी बिचकत्यात. तुमी दोघं आमच्या पालापाशी पडा. वाकळ देते.

शांतलिंग : वाकळीचा प्रश्न नाही, बाई.

महानंदा : नाही कसा? काल रात्रभर ह्या गाडीच्या सीटवर अंग मुडपून पडलात, सकाळपासून खोकताय. छातीला थंडी लागू देऊ नका म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडले. उमरग्यातून निघताना मला शब्द दिला होता की नाही, रात्री लॉजवर झोपीन म्हणून?

शांतलिंग : शब्द दिला तेव्हा कालची रात्र व्हायची होती.

गजराबाई : काल काय झालं?

महानंदा : अहो, येडशीच्या अलीकडं एका ढाब्यावर थांबलो होतो...

शांतलिंग : मी सांगतो. पिकअपच्या मागं ट्रॉली, ट्रॉलीवर ही गाडी. ट्रॉलीला साखळी, साखळीला कुलूप, चाव्या माझ्या खिशात. ढाब्याचा राखणदार छातीवर हात ठेवून म्हणाला, काका, निवांत झोपा, मी आहे ना. त्याचं ऐकून खाटेवर झोपलो असतो तर झालंच होतं, मी गाडीतच पडलो. गाडी हालली म्हणून जाग आली. काच पुसून बघतो तर दोघंजण ट्रॉलीचा आकडा सोडवायला बसलेले. त्यांची पिकअप उलटी लावून तयार. मला गाडीसकट घेऊन गेले असते, बाई. आतून दारावर लाथा घातल्या तेव्हा पळाले.

गजराबाई : आन् राखणदार?

शांतलिंग : खाट रिकामी. म्हणून म्हणतो, माझी गाडी मीच राखणार. कुणाच्या भरवशावर टाकणार नाही.

गजराबाई : आमच्या बी न्हाय?

शांतलिंग : तुमची-आमची ओळख कधीची? आत्ता उन्हं कलतानाची.

महानंदा : काय बोलणं हे! ट्रॉलीचं चाक जाम होऊन रस्त्यात बसलो होतो. मागून ट्रक येत होते. ह्या मावशींनी आणि त्यांच्या मालकांनी खांदा लावला म्हणून ट्रॉली रानात तरी आली. मिस्त्री पिकअपवाल्याला घेऊन बेअरिंग आणायला पुढं वाशी गावाला गेला तो सकाळीच येणार. तोवर जायचं कुठं आपण?

गजराबाई : ऱ्हाऊ द्या, ताई. जीव पोळलाय त्येंचा. पर आप्पा, रागावू नगा, एक इचारते. एवढं काय हाय हिच्यात? रंग बी उडालाय. चालती तरी का?

शांतलिंग : चालत नाही. इंजिन कधीचं बसलंय. डुक्कर फियाट म्हणायचे हिला. ते नाक बघा कसं आहे पुढं. आमच्या वडिलांनी घेतली, बसप्पांनी. आता असल्या गाडीला शौकीन लोक शोधत फिरतात, आणि चोरांना ते आपल्याआधी कळतं.

महानंदा : आमची श्रीदेवी हिच्यात जन्मली, मावशी.

गजराबाई : गाडीत?

महानंदा : मागच्या सीटवर. सोलापूरला दवाखान्यात निघालो होतो. नळदुर्ग गेलं आणि मला धीर निघेना. सासूबाई म्हणाल्या, थांबव रे शांतू. ह्यांनी बाभळीखाली गाडी लावली आणि तोंड फिरवून उभे राहिले. पोर रडली तेव्हा हे तिच्याहून मोठ्यानं रडले.

शांतलिंग : आता ते कशाला?

गजराबाई : कुठं असती लेक?

महानंदा : संभाजीनगरला. तिच्याकडंच निघालोय. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा.

गजराबाई : लग्नानंतर पहिल्यांदा?

महानंदा : तिनं मनानं लग्न केलं. ह्यांनी सांगून टाकलं, तुझा उंबरा चढणार नाही. आता मुलगा झालाय तिला, परवा बारसं आहे. फोनवर म्हणाली, अव्वा, आप्पांना घेऊन ये. चार दिवस हे ही गाडी पुसत बसले. पाचव्या दिवशी ट्रॉली ठरवून आले.

शांतलिंग : रिकाम्या हातानं कसा जाऊ? काय तोंड घेऊन जाऊ? लहानपणी माझ्याशी भांडली की ह्या गाडीत जाऊन बसायची, आतून दार लावून. मी काचेवर टकटक करायचो. बराच वेळ करायला लागायचं. मग उघडायची. ही गाडी दारात उभी केली की मला काही बोलावं लागणार नाही. हीच गेली तर मी तिथूनच माघारी फिरणार, सांगून ठेवतो.

महानंदा : ऐकलंत? असं चाललंय सकाळपासून.

गजराबाई : मंग तर राखायलाच पायजे. बोला आप्पा. मेंढरं आनू का? उजेड हाय तवर बसवलेली बरी.

शांतलिंग : आणा.

महानंदा : आणि तुम्ही बाहेर झोपणार?

शांतलिंग : हो म्हटलं ना. झोपतो पालापाशी.

महानंदा : इतक्यात ऐकलंत? नवल आहे.

गजराबाई : ओ, ऐकलं का? आना मेंढरं इकडं! गाडीच्या भवतीनं! कोकरं मधी घ्या! ...आमच्या म्हाताऱ्याला एका कानानं कमी येतंय, म्हनून वरडते. ह्ये रान बिभीषण पाटलाचं. मेंढरं बसवाया त्येनीच बोलिवलंय, खत व्हतंय रानाला. कुठं बी बसली तरी त्येला चालतंय. बसा तुमी. ताई, आप्पाला कानाला गुंडाळाया काय हाय का न्हाय?

महानंदा : मफलर गाडीतच राहिला. आणते.

शांतलिंग : सकाळी बघू. राहू दे.

महानंदा : सकाळी काय करायचाय? दोन पावलांवर तर आहे. सरका गं बायांनो, वाट द्या मला. किती उबदार असतात नाही ही...

शांतलिंग : महानंदा! दाराला हात लावू नकोस! नको, नको!

महानंदा : अय्यो! काय झालं?

शांतलिंग : मागं हो. हळू ये मागं. मेंढरांना ढकलू नकोस.

गजराबाई : काय हाय दाराला?

शांतलिंग : काही नाही.

महानंदा : दोरी आहे. हँडलला बारीक दोरी बांधलीय, खाली ट्रॉलीत जातेय. अहो, काय आहे हे?

शांतलिंग : फटाके.

महानंदा : कसले फटाके?

शांतलिंग : आवाजाचे. दुपारी तेरखेड्यात थांबलो तेव्हा घेतले.

महानंदा : बारशाला फुलबाज्या घेतो म्हणालात!

शांतलिंग : त्याही घेतल्या. तिथल्या एका फटाक्यांच्या कारागिराला कालची हकीकत सांगितली. तो म्हणाला, दोरीला ओढ बसली की वाजेल असं करून देतो, काडी लावायला नको. पुढच्या दोन्ही दारांना बांधलंय आणि एक आकड्याला. मिस्त्री चाक काढत होता तेव्हा बांधलं. कुणी हात लावला की असा बार होईल की चोर पळेल आणि मी जागा होईन. एवढंच.

गजराबाई : ओ! मेंढरं माघारी घ्या! हळू! काठी हानू नका, वरडू नका, नुसतं पुढं व्हऊन चला, येत्यात माघं! गाडीपास्नं लांब!

महानंदा : मावशी...

गजराबाई : थांबा, ताई. आदी मेंढरं निघू द्या.

शांतलिंग : मला वाटलं मेंढरं बाहेरून बसतील, गाडीला कशाला लागतील? चोर आला तरच...

गजराबाई : मेंढरू अंग घासतंय, आप्पा. जितं लाकूड दिसंल, लोखंड दिसंल, तितं घासतंय. आन् न्हाय घासलं, खरंच चोर आला, बार झाला. मंग? मंग काय व्हतंय ठाव हाय तुमाला?

शांतलिंग : पळतील थोडी.

गजराबाई : थोडी? माघल्या साली वाशीच्या अंगाला असंच बसलो हुतो. रस्त्यानं वरात आली. सुतळी बाम लावला कुणीतरी. जाळी बिळी काय ऱ्हायली न्हाय. एक मेंढरू रस्त्यावर गेलं की माघलं बी जातंय, त्येच्या माघलं बी जातंय. ट्रक थांबाया बघत हुतं, पर ट्रक काय लगेच थांबतोय व्हय? माझी नात, करिश्मा, कोकरू धराया त्येंच्या माघं पळाली. म्या तिच्या झग्याला धरून वडली, झगा फाटला, पर पोरगी हाताला लागली. मेंढरं लई गेली. सकाळी रस्ता बघवंना. आमचं म्हातारं तवापास्नं रात-रात बसून ऱ्हातंय. झोप म्हनलं तरी झोपत न्हाय.

महानंदा : देवा!

गजराबाई : नवरदेवाचा बाप आला हात जोडून. म्हनला, बाई, आमाला काय ठावं हितं मेंढरं हायत. खरं हाय, त्येला ठावं नव्हतं. तुमाला तर ठावं हुतं, आप्पा. म्या इचारलं, मेंढरं आनू का. तुमी म्हनलात, आना.

महानंदा : ऐकताय ना?

शांतलिंग : ऐकतोय. मीच म्हणालो, आणा.

महानंदा : मला सुद्धा सांगितलं नाहीत. दिवसभर शेजारी बसले होते मी. माझ्या तोंडावर वाजलं असतं ते. चोर राहिला बाजूला, तुमच्या दोरीपाशी पहिली मीच गेले. तुम्हाला कुणाचाच भरवसा वाटत नाही. पोरीचा वाटला नाही, माझा नाही, ह्या बाईंचा नाही, ज्यांनी आपली ट्रॉली ढकलली. आणि श्रीदेवीनं गाडी मागितली होती का हो? एकदा तरी म्हणाली का, फियाट आणा? तिनं तुम्हाला मागितलं होतं. तुम्हाला!

शांतलिंग : पाणी आहे का, बाई? एक बादली द्या. भरून.

महानंदा : अंधारून येतंय. सकाळी मिस्त्री आला की...

शांतलिंग : मी बांधलंय, मीच सोडणार. तू लांब बस. त्यांच्यापाशी जाऊन बस.

(शांतलिंग एकटा गाडीपाशी जातो. पलीकडं गजराबाईंनी चूल पेटवली आहे. मेंढरं रानाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहेत.)

शांतलिंग : काढलं. तिन्ही बादलीत आहेत, भिजून गेलेत. बघा.

गजराबाई : आनखी काय हाय?

शांतलिंग : काही नाही.

गजराबाई : मगाशी बी न्हाय म्हनला हुता.

शांतलिंग : खरं आहे. म्हणालो होतो. ही घ्या चावी. दारं उघडा, सीट उचला, डिकी बघा, काय वाटेल ते बघा.

गजराबाई : मला काय कळतंय गाडीतलं? ताई, तुमी सांगा. बसवू का मेंढरं?

महानंदा : मला नका विचारू, मावशी. सकाळी विचारलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं. आता मला सांगता येत नाही.

शांतलिंग : महानंदा.

महानंदा : नाही येत. काय करू?

शांतलिंग : बरोबर आहे तिचं. नका बसवू, बाई. तिकडंच राहू द्या तुमची मेंढरं. गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे. मला लाज वाटते. ह्या वयात लाज वाटावी असं वागलो.

गजराबाई : भाकरी खावा आदी. गार व्हती.

शांतलिंग : मला नको, बाई.

गजराबाई : असं कसं? पिठल्याचं कोड्यास हाय, त्येच्यात कुस्करून खावा. ...आप्पा, असं करू. मेंढरं बसवते गाडीच्या भवतीनं. पर पहिला पहारा तुमचा. हितं, जाळीच्या भायेर, ह्या दगडावर. दोरी न्हाय, फटाका न्हाय. तुमी.

शांतलिंग : मी? मला काय कळतं मेंढरांतलं?

गजराबाई : कळायचं काय त्येच्यात? कुणी आलं, मेंढरू उठलं, की हाक मारायची. म्हातारं दिसभर चाललंय. तुमी बसलात तर त्ये झोपंल. तुमचं वय बघून तरी झोपंल.

शांतलिंग : एवढं झाल्यावर माझ्यावर सोडताय?

गजराबाई : मंग कुणावर सोडू? माझा बी डोळा लागतोय आप्पा, म्या बी मानूसच हाय. भ्या वाटतंय, न्हाय कसं? पर रात तर काढायची हाय. ह्यो तुकडा घ्या. काळ्याला हातानं चारा. वास घेऊ द्या त्येला तुमचा, मंग भुंकायचा न्हाय तुमच्यावर.

शांतलिंग : चावत नाही ना?

गजराबाई : तुमी भ्यालात तर चावंल. ...हां, असं. घेतला बघा. ओ! आना मेंढरं! व्हय, व्हय, आना! आता काय न्हाय तितं!

महानंदा : हा घ्या मफलर. गाडीतूनच आणला, दार उघडून.

शांतलिंग : बस जरा.

महानंदा : श्रीदेवीचा फोन येऊन गेला. विचारत होती, आप्पा जेवले का.

शांतलिंग : काय सांगितलंस?

महानंदा : म्हटलं, मेंढरं राखताहेत.

शांतलिंग : हसली असेल.

महानंदा : नाही हसली. म्हणाली, थंडी आहे, कानाला बांधायला सांग. आणि गाडी राहिली तर राहू दे, पण आप्पांना आण.

शांतलिंग : असं म्हणाली?

महानंदा : असंच म्हणाली. घ्या, गुंडाळा. आणि सारखं गाडीकडं काय बघताय? आहे की तिथंच ती.

शांतलिंग : गाडीकडं नाही गं बघत. तिच्या पलीकडं बघ. ते एक कोकरू मघापासून जाळीखालून रस्त्याकडं जायला बघतंय.