बॉटची रिकामी वाटी

चहा खाली ठेवा अन् मंग आयका, नाहीतर अंगावर सांडन.

आमची बायको सुनंदा जैनथच्या शाळेत टीचर हाय. ती फोनवर शेतीचा गेम खेळते. त्या गेमवाल्यायचा मोठा ऑनलाइन ग्रुप हाय अन् तिथं अदलाबदलीले बॉट बसवला हाय. तुमी गेममधलं काही देल्लं, का तो लगेच बदल्यात काहीतरी देते. तवर बाकीचे रांगेत थांबतात.

रविवारी हिनं कांदे देल्ले. बॉटनं गाय देल्ली.

"अवो, कांद्यावर गाय! शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी धाडतो का?" म्हणे, अन् तिनं भोपळे धाडले. त्यानं बकरी देल्ली. हिनं गहू धाडला.

मी म्हटलं, "अवं, ते मशीन हाय!"

"असन. पण देल्लं तर त्यानंच ना?"

दुपारी जेवताना माह्या फोनवर नागपूरहून ग्रुप चालवणाऱ्याचा फोन आला; हिचं गेमचं खातं माह्याच नंबरवर हाय. "दादा, सकाळपासून सारा ग्रुप अडकून राह्यला. तुमच्या नंबरवरून कोनता तरी बॉट आमच्या बॉटले भिडला हाय. बंद करा, नाहीतर खातंच उडवतो!"

समोर हिचा अंगठा चालूच होता.

"अवं थांब! ते तुले बॉट समजून राह्यले! सारी शेती जाते आता तुही!"

हिनं मानही वर केली नाही. "थांबीन ना. पण आत्ताच त्याच्या कोंबड्या आल्या. तशीच कशी थांबू?"

फोन स्पीकरवर होता. तिकडं त्यानं सारं आयकलं. मंग तो हळूच म्हणे, "राहू द्या वैनी. मी आमचाच बॉट बंद करतो."