न उघडलेल्या पेटीचा निकाल

…आणि वर मलाच विचारतात, "बाई, तुम्हाला बेसबॉलमधलं काय कळतं?" काय कळतं म्हणजे? टोलेडोत जन्मले, टोलेडोतच शाळेत उभी हयात मुलांना नीट लिहायला शिकवलं, उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार नवऱ्याशेजारी मैदानाच्या लोखंडी बाकावर बसून, हातात हॉटडॉग धरून, डोळ्यावर ऊन घेऊन काढला, आणि मला बेसबॉल कळत नाही? बेसबॉल मला चांगला कळतो. मला कळत नाही तो पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यावर खेळाडूचं चित्र छापायचं, चकचकीत पेटीत घालायचं, आणि महिन्याच्या वाणसामानाइतके डॉलर मागायचे, ह्याला मी खेळ म्हणत नाही. ती पेटी घेण्याच्या लायकीची नाही हे मी तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. माझं मत बदललेलं नाही.

तुम्हाला सांगते, मुळात वाद पेटीचा नव्हताच. वाद खोलीचा होता. मुलगी लग्न होऊन डेन्व्हरला गेली आणि मागची खोली रिकामी झाली. पूर्वेची खिडकी, बाहेर मेपलचं झाड. मी मनाशी ठरवलं, इथे आपली खुर्ची, इथे दिवा, इथे पुस्तकं. खुर्चीचं कापडसुद्धा निवडून आले. आणि परत येऊन बघते तर काय… वेंडेलची बेसबॉलची कार्डं, खेळाडूंच्या चित्रांची, लोक हौसेनं जमवतात आणि विकतात ती! वेंडेल म्हणजे माझा नवरा. कार्डं प्लास्टिकच्या पिशव्यांत, पिशव्या खोक्यांत, खोकी मोठ्या खोक्यांत, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध स्वतः वेंडेल, चेहऱ्यावर असं समाधान, की जणू घर आत्ता कुठे भरलं.

मी म्हटलं, "वेंडेल, हा कचरा आहे."

तो म्हणाला, "अगं, ही साधी कार्डं आहेत. तू भारीतली पेटी कुठे पाहिलीस? एक आणू, उघडू. पैसे वसूल झाले तर खोली माझी. नाही झाले तर सगळं उचलून तळघरात नेतो. आणि निकाल तू द्यायचास."

तळघरात! ओलीनं कार्डं वाकतात हे लग्नाआधीपासून मला ऐकवत आलेला माणूस तळघराचं नाव काढतो, म्हणजे पेटीवर त्याचा विश्वास केवढा असेल? मी लगेच कबूल झाले. तपासणीच्या कामात मला कोणी हरवलेलं नाही.

दुकान व्हर्नन प्रुइटचं. व्हर्नन माझाच विद्यार्थी. आता टक्कल पडलंय, पण मी आत शिरले की अजून पोट आत ओढून उभा राहतो. मी विचारलं, "व्हर्नन, ह्या पेटीत असतं काय?"

"बाई, एक पाकीट."

"एवढ्या मोठ्या पेटीत एक पाकीट? आणि त्यात?"

"सात कार्डं, बाई."

"मग उरलेल्या जागेत काय असतं?"

"पुठ्ठा. पण बाई, भारी पुठ्ठा."

वेंडेल माझी बाही ओढतोय. मी कशाला थांबते? व्हर्नन सांगू लागला, की एका कार्डावर खेळाडूची सही नक्की, आणि एकात त्याच्या सदऱ्याचा तुकडा बसवलेला. नमुना मागितला, मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. तिथे छापलेलं, की हे कापड कुठल्याही विशिष्ट सामन्यातलं नाही. मी म्हटलं, "मग हे आहे कुठलं?" व्हर्ननने बराच विचार केला. "बाई, ते… कापड आहे."

आणि सही? तर म्हणे, कधी कधी खेळाडूच्या सह्या वेळेत होत नाहीत. मग पेटीत सहीऐवजी चिठ्ठी निघते. ती चिठ्ठी कंपनीला पाठवायची आणि वाट बघायची.

"आणि त्याने सही केलीच नाही तर?"

"तर कंपनी दुसऱ्या कुणाची तरी सही पाठवते."

"व्हर्नन," मी म्हटलं, "गृहपाठाच्या बाबतीत तू अगदी हेच करायचास."

दुकानात जेवढे होते तेवढे हसले. व्हर्ननसुद्धा हसला, आणि हसत हसत त्याने पेटी पिशवीत घातली. हो, घेतली! घेतल्याशिवाय निकाल कसा देणार? पण माझं मत बदललेलं नव्हतं.

घरी आलो. वेंडेलने शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला, छोटी सुरी घेतली. मी चष्मा लावून समोर. मेपल दिसत होता मला, खुर्ची दिसत होती. सुरीचं टोक वरच्या प्लास्टिकला टेकलं… आणि फोन वाजला. व्हर्नन.

"बाई, उघडली नाही ना? कंपनीकडचा साठा संपलाय, सगळीकडे शोधाशोध चाललीय. न उघडलेली असेल तर मी आत्ता दुप्पट देतो."

आणि तुम्हाला सांगते, ज्या तोंडाने मी आयुष्यभर मुलांना "घाई करा" म्हटलं, त्याच तोंडातून निघालं, "वेंडेल, थांब!"

तो थांबला. शांतपणे म्हणाला, "का गं? तुझ्या मते आत काहीच नाही ना?"

"नाही, म्हणूनच," मी म्हटलं. "आत काही नाही हे उघडल्यावर सगळ्यांना कळेल. जोवर बंद आहे तोवर किंमत आहे."

"मग विकू या?"

"विकू या."

"दुप्पट आले की पैसे वसूल," वेंडेल म्हणाला, "म्हणजे खोली माझी."

बघा, हा माणूस आयुष्यभर रेल्वेचे डबे जोडत होता आणि मी ह्याला भोळा समजत होते! विकली, तर खोली त्याची. उघडली, तर दोन महिन्यांचं वाणसामान मी माझ्या हाताने चुलीत घातल्यासारखं. आणि नाही विकली, नाही उघडली, तर निकाल लागत नाही. आणि निकाल लागेपर्यंत खोली ज्याची आहे त्याची. मी तपासणीतला एकही प्रश्न सोडला नव्हता, पण उत्तरपत्रिका उघडायला मला परवानगी नाही, आणि ती नाकारणारीही मीच.

शेजारीण म्हणते, "जाऊ दे ना, मान्य कर की पेटी चांगली आहे." का म्हणून? पुठ्ठा तो पुठ्ठा. कुठल्याच सामन्यातलं नसलेलं कापड, आणि न केलेली सही. माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही.

पेटी आता मागच्या खोलीत असते. उन्हाने रंग उडतो म्हणून पूर्वेच्या खिडकीला जाड पडदा लावलाय. कापड खुर्चीसाठी निवडलं होतं तेच. रविवारी जेवण झालं की वेंडेल दारातून विचारतो, "आज उघडू या का गं?" व्हर्ननने भाव आणखी चढल्याचं कळवलेलं असतं. मी म्हणते, "हात लावू नकोस." तो मान डोलावतो आणि त्याच्या खोलीत जातो. मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसते. ओव्हनवरच्या दिव्याचा उजेड तसा वाचायला पुरतो.