ओडेल जाणार, ओडेल राहणार

नाही, पण दोष फिरून फिरून माझ्याच माथी कसा येतो, हे मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगा, कारण तुम्हाला सांगते, मी फक्त लिहून दिलं होतं. एवढंच. बरं, छापलंही मीच, पण वाचलं मी नाही. रविवारच्या प्रार्थनेत, दोनशे माणसांसमोर, माइकवरून ते वाचलं अर्लीन मावशीनं. आणि आता गावात जो भेटेल तो मला अडवून विचारतो, काय गं रेनिटा, भावाचं हे काय करून ठेवलंस?

काय करून ठेवलं? माझा भाऊ ओडेल सहा फूट नऊ इंच आहे, त्यात मी काय केलं? आठवीत असताना त्यानं चर्चच्या तळघराच्या चौकटीवर पहिल्यांदा कपाळ आपटून घेतलं, आणि त्याच दिवशी गावानं ठरवून टाकलं की हा पोरगा बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये जाणार. गावानं ठरवलं, ओडेलला विचारलंय कुणी? पेट्रोलपंपावर तर तेव्हापासून त्याचा फोटो चौकटीत घालून लावलाय, खाली त्याचं नाव, आणि नावाखाली संघाचं नाव लिहायला रिकामी जागा! सात वर्षं झाली, ती जागा तशीच आहे, आणि पेट्रोल भरताना ती जागा माझ्याकडं बघते.

आता तुम्ही म्हणाल, यात तुझा काय संबंध. संबंध असा की घरात कॉलेज पूर्ण केलेली मी एकटी, तेही साहित्य घेऊन. आमच्याकडं त्याचा अर्थ असा होतो की कुणी गेलं की त्याच्यावर चार शब्द मी लिहायचे, वीज कंपनीला तक्रार मी लिहायची, शेजारच्या काकांच्या कुंपणाचं भांडणसुद्धा मी लिहून द्यायचं. आणि मी कशी आहे? टोस्टरमधून ब्रेड वर उडाला तरी दचकणारी बाई आहे मी. दातांच्या दवाखान्यात फोन घेते, तर डॉक्टरांनी मशीन सुरू केलं की पेशंटच्या आधी मी किंचाळते. अशा माणसाकडं कुणी भावाचं भवितव्य लिहायला देतं का? पण दिलं.

नियम तसा साधा आहे, गुंता माणसांनी केलाय. कॉलेजकडून खेळणाऱ्या पोराला वाटलं तर त्यानं एप्रिलमध्ये लीगच्या निवडीसाठी नाव द्यायचं, संघ बोलावतील तिथं जाऊन खेळून दाखवायचं, आपल्याला कितपत भाव आहे ते बघायचं, आणि पटलं नाही तर मे महिन्यातल्या एका ठरलेल्या बुधवारपर्यंत नाव मागं घ्यायचं. घेतलं, तर कॉलेजात परत, चौथं वर्ष. नाही घेतलं, तर कॉलेजचा खेळ संपला, कायमचा. मग जूनमध्ये अख्ख्या जगातून साठेक पोरं निवडतात, त्यात आलं नाव तर आलं.

ओडेलनं नाव दिलं. म्हणजे त्याच्या कॉलेजचे कोच हॅलोरन म्हणाले देऊन बघ, खेळाडूंचे करार जुळवणारा एक एजंट म्हणाला देच, आणि ओडेल म्हणाला बरं. ओडेल सगळ्यांना बरं म्हणतो, तोच तर रोग आहे. पाच संघांपुढं खेळून आला, आणि लीगकडून मत आलं की आपला नंबर पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान लागेल, किंवा त्याच्या बाहेर राहील. म्हणजे काय? हे म्हणजे डॉक्टरांनी तपासून सांगावं की तुम्हाला काहीतरी झालंय, किंवा नाही.

मग सुरू झाले फोन. एजंट रोज सकाळी, आवाजात मध ओतून… "रेनिटा, डार्लिंग, हा पोरगा पुढच्या वर्षी एक वर्षानं म्हातारा होईल." अहो, सगळेच होतील! आणि कोच दुपारी. कोचचा आवाज एकदम शोकसभेतला. म्हणायचे, मी त्याच्या निर्णयाच्या आड येणार नाही, त्याच्या सुखात माझं सुख, आणि मग चाळीस मिनिटं आड यायचे. संध्याकाळी आई शाळेच्या स्वयंपाकघरातून दमून यायची, पाय गरम पाण्यात सोडायची आणि म्हणायची, जाऊ दे त्याला, रेनिटा, पोराला जायचंय तर जाऊ दे. आणि ओडेल? ओडेल म्हणायचा, बरं.

आता ती घोषणा. आमच्याकडं पोरगा राहो की जावो, त्यानं चार परिच्छेदांची घोषणा करायची असते, आणि सगळ्या पोरांची घोषणा सारखीच असते. आधी देवाचे आभार, मग आईचे, मग कोच आणि सोबत्यांचे, आणि मग 'हे सगळं सांगितल्यावर' असे शब्द येतात, आणि अख्खं राज्य पहिले तीन परिच्छेद सोडून थेट त्या शब्दांवर उडी मारतं. ओडेल म्हणाला, ताई, तू लिही. मी म्हटलं, काय लिहू, जाणार की राहणार? तो म्हणाला, दोन्ही लिहून ठेव. तर मी दोन्ही लिहिलं. वरचे तीन परिच्छेद तेच, खालचा वेगळा. मी फक्त लिहून दिलं!

आणि छापायला गेले अर्लीन मावशीकडं, कारण आमच्या घरातल्यांपैकी प्रिंटर तिच्याकडंच. आता ही मावशी, आईची थोरली बहीण, गेली बावीस वर्षं चर्चमध्ये सूचना वाचते. कोण आजारी आहे, गायनाचा सराव कधी, मासे तळायचा कार्यक्रम कुठल्या शनिवारी… दर शनिवारी प्रिंटरमधून निघेल तो गठ्ठा उचलते आणि दर रविवारी वरून खाली वाचते, मध्ये कधीच थांबत नाही. एकदा तिनं स्वतःची वाणसामानाची यादी वाचली होती, आणि लोकांनी तीन पिशव्या बटाटे आणून दिले होते. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी तिथं छापलं, कारण नेमका तेव्हा दवाखान्यातून फोन आला, मी दचकले, आणि 'राहणार' घेऊन घरी आले. 'जाणार' प्रिंटरवर राहिलं.

रविवार. उकाडा असा की सगळे अंत्यविधीवाल्यांच्या जाहिरातीचे पुठ्ठ्याचे पंखे हलवतायत. मी तिसऱ्या ओळीत, शेजारी आई, पलीकडे ओडेल, गुडघे हनुवटीला लागलेले. मावशी वाचतेय. ब्रदर क्लीटसचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. मंगळवारी मुलींच्या गायनाचा सराव नाही. आणि त्याच आवाजात, अजिबात न थांबता, "सर्वप्रथम मी परमेश्वराचे आभार मानतो, आणि माझ्या आईचे, जिनं मला एकटीनं वाढवलं…" माझ्या हातातला पंखाच गळून पडला. लोकांना आधी वाटलं, अर्लीनला काय झालं? तिची आई तर केव्हाच गेली. मग आलं 'हे सगळं सांगितल्यावर', आणि मावशी वाचून गेली की मी माझं नाव लीगच्या निवडीत कायम ठेवतोय. मग तीही थांबली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग काय विचारता! ऑर्गन सुरू झाला. लोक उभे राहिले, रडायला लागले, पेट्रोलपंपवाला तर खुर्चीवर चढला. पास्टर गेन्सनी ओडेलला पुढं बोलावलं, आता याच्यावर हात ठेवून प्रार्थना करू म्हणाले. म्हणजे सगळ्यांनी त्याच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवायचे आणि त्याला देवाच्या हवाली करून पाठवायचं. ओडेल गुडघ्यांवर बसला, तरी मदर ल्युएलांचा, म्हणजे आमच्या चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईंचा, हात पोचेना, म्हणून त्यांना गायनवाल्या मुलींचं स्टूल आणून दिलं. मलाही कुणीतरी पुढं ढकललं. मी त्याच्या कानावर हात ठेवला, दुसरी जागाच उरली नव्हती. आणि तो माझ्याकडं न बघता, डोळे मिटून, अगदी हळू म्हणाला, "ताई, मला नाही जायचं."

मी दचकले. एवढ्या जोरात दचकले की मदर ल्युएलांना वाटलं, माझ्या अंगात पवित्र आत्मा आला, आणि त्यांनी दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

नंतर गाडीत त्यानं सगळं सांगितलं. त्याला कोंबड्या आवडतात. हसू नका. पहिल्या वर्षी त्यानं कुक्कुटपालनाचा विषय घेतला तो वर्ग व्यायामशाळेच्या वाटेवर होता म्हणून, आणि मग त्याला तो आवडायलाच लागला. त्याच्या प्राध्यापिका पेटिग्रू बाईंनी त्याला पुढच्या वर्षासाठी स्वतःची शेड दिलीय, तीनशे पिल्लं, कुठल्या खाद्यावर कशी वाढतात हे तो बघणार आहे. मी म्हटलं, अरे, मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, विचारलंच नाही कुणी. सगळे मला विचारत होते की माझा नंबर कितीवर येईल. आणि तुम्हाला सांगते, बरोबरच होतं ते. मीही नव्हतं विचारलं. मी फक्त लिहून दिलं होतं, जाणार आणि राहणार, दोन्ही, छान भाषेत.

सोमवार गेला. शेजारच्या काकांनी कुंपणावरून पोराला निवडीच्या दिवशी घालायच्या सुटाचं कापड दाखवलं, तो बरं म्हणाला. मंगळवारी मी जेवले नाही. बुधवारी मुदत संपणार, संध्याकाळी पाचला, आणि हा पोरगा कुणालाही नाही म्हणू शकत नाही. शेवटी मंगळवारी संध्याकाळी मी आईसमोर उभी राहिले, ती गरम पाण्यात पाय सोडून बसलेली, आणि एका दमात सांगून टाकलं, कोंबड्या, शेड, तीनशे पिल्लं, सगळं. आईनं एक पाय पाण्यातून वर काढला. मग म्हणाली, "मला वाटत होतं त्यालाच जायचंय. म्हणून मी रोज छातीवर दगड ठेवून जाऊ दे म्हणत होते." आणि रडली. मग तशीच ओल्या पायांनी उठली आणि मावशीला फोन लावला.

मावशी ऐकेना. म्हणाली, हात ठेवून झालेत गं, आता काढायचे कसे? देवाला काय सांगायचं, प्रिंटरनं घोळ घातला? दोघी बहिणी तासभर भांडल्या, त्यात एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची एक हिरवी टोपीपण निघाली. शेवटी पास्टर गेन्सना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, बाई, मी प्रार्थनेत म्हटलं होतं की परमेश्वरा, याला जिथं न्यायचं तिथं ने. लीगचं नाव मी घेतलं नव्हतं. आणि ओडेलला शेडमध्ये नेणं देवाला जड नाही.

बुधवारी दुपारी ओडेल माझ्या दवाखान्यात आला, दारातून वाकून. नाव मागं घेत असल्याचं पत्र पाठवायचं होतं. मी कॉम्प्युटर पुढं ओढला, म्हटलं थांब, आधी आभार मानू… तो म्हणाला, "नको ताई. हे मी लिहितो." आणि दोन बोटांनी एक ओळ लिहिली. त्यात एक शब्द चुकला होता. मी दुरुस्त केला नाही. मला विचारा किती जड गेलं ते! पाठवलं. आतल्या खोलीत डॉक्टरांनी मशीन सुरू केलं, आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी दचकले नाही.

संध्याकाळी कोच हॅलोरनचा फोन. रडत होते बिचारे. आईला म्हणाले, तुमचा मुलगा आता माझा मुलगा, त्याची पदवी मी स्वतः बघेन. आईनं त्यांना रविवारी जेवायला बोलावलं, मासे, कॉर्नब्रेड, सगळं. पेट्रोलपंपवाल्यानं फोटो उतरवला नाही, फक्त भिंतीकडं तोंड करून टांगला. ओडेल त्या रात्री अकरा तास झोपला. आणि मी… मीपण झोपले हो.

गुरुवारी सकाळी दहा वाजता बातमी आली. कोच हॅलोरन कॉलेज सोडून चालले, मोठ्या लीगमधल्या एका संघाचे सहायक कोच म्हणून. करार म्हणे सोमवारीच झाला होता. आता संघ विस्कटला, नवा कोच स्वतःची पोरं घेऊन येणार, ओडेलची शिष्यवृत्ती राहील की नाही हे कुणी छातीठोक सांगेना, आणि कोच गेला की नियमानं पोरांना थोडे दिवस मिळतात, हव्या त्या कॉलेजात जायला. आईनं रविवारचे मासे परत फ्रीझरमध्ये टाकले. एजंटचा फोन आला, "रेनिटा, डार्लिंग…" मी ठेवून दिला.

मग ओडेल आला, माझ्या टेबलासमोर बसला, आणि या वेळी बरं म्हणाला नाही. म्हणाला, "ताई, मला कोंबड्या सोडायच्या नाहीत. आणि खेळायचंपण आहे." म्हटलं, बाबा, ठीक आहे, शोधू. तेव्हापासून यादी करतेय. कुक्कुटपालनाचा स्वतंत्र विभाग असलेली कॉलेजं देशात बोटांवर मोजण्याइतकी, त्या सगळ्यांना मी फोन केले, शेडमध्ये छताची उंची किती हेसुद्धा विचारलं. चांगली माणसं आहेत सगळीकडं. कोंबड्यांची व्यवस्था झालीय, तीन ठिकाणी.

एक वर्ष तरी जागेवर राहील असा कोच तेवढा शोधतेय.