डब्यातला फिका मासा

हसू नका गं, नोकरी जायची वेळ आली होती माझी.

होटगीला रेल्वेतल्या गोऱ्या साहेबाकडं मी स्वयंपाकाला होते. एकदा मडमेनं विलायती सॅमन माशाचे दोन डबे दिले. फोडले तर एकातला मासा लालभडक, दुसऱ्यातला फिका गुलाबी. माझं माहेर भीमेकाठचं, मासे विकणाऱ्यांचं. कल्ला लाल तो ताजा, फिका तो शिळा, एवढं लहानपणापास्नं ठाऊक. डब्यात ना डोकं ना कल्ला, म्हणून अंगाच्या रंगावरच पारख केली आणि फिका मासा मांजराला घातला.

जेवायला बसलेल्या मडमेला हे कळलं, तशी ती कडाडली, "उद्यापासून येऊ नको!"

साहेब चित्रांचं पुस्तक घेऊन आला. "बाई, हा बघ, ह्याची जातच लाल. हा गुलाबी, ह्याच्या नराला पाठीवर कुबड येतं. हा सगळ्यात मोठा, राजा. सगळे सॅमनच."

"सायेब, नाव एक आन् रूपं इतकी?"

"हो. नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात. मग उलटे पोहत त्याच नदीत येतात, अंडी घालतात आणि मरतात."

मी आणखीच गोंधळले. "आपसूक मरत्यात व्हय? मग ह्यो डब्यातला मरायच्या आदी धरला, का मेल्यावर उचलला?"

साहेब पुस्तक चाळत बसला. मडमेनं आपल्यापुढची लाल माशाची बशी हळूच लांब सारली.

मांजरानं तोही खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी गपचूप कामावर गेले. मडमेनं माझ्यापुढं भाजीला वांगी ठेवली.