केविनचं पाणी

फिनिक्सच्या देशी दुकानात सदाकाका कोथिंबिरीची जुडी धरून रांगेत उभे होते. पुढच्या म्हाताऱ्याच्या कार्टमध्ये पाण्याचे बारा कॅन आणि एक जाड मार्कर. काउंटरवरची पोरगी मराठीच निघाली. तिनं म्हाताऱ्याला विचारलं,

"काका, पार्टी आहे का घरी?"

"नाही गं. डोंगरातल्या ट्रेलवर नेऊन ठेवतो. उन्हात कोणाचं पाणी संपलं तर."

"आणि मार्कर?"

"प्रत्येक कॅनवर लिहितो, कोणीही प्या."

"तहानलेला माणूस पिणारच की. लिहायला कशाला पाहिजे?"

"माझा ईशान नाही प्याला. तिथं ट्रेलवर कोणी केविननं स्वतःच्या परतीसाठी चार कॅन ठेवले होते. वर लिहिलेलं, केविनचे, हात लावू नका. त्यांनाच टेकून बसलेला सापडला. चारही भरलेले."

"अरे देवा."

"लहानपणी शेजारच्यांचं एक चॉकलेट उचललं होतं त्यानं. मी परत द्यायला लावलं, सॉरी म्हणायला लावलं. नंतर कौतुकानं सगळ्यांना सांगायचो, माझा पोरगा दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही."

"काका..."

"बिल कर, बाई. मागे लोक खोळंबलेत."

"खोळंबू द्या," सदाकाका म्हणाले.