डोक्याच्या डॉक्टरांची साक्ष

"हॅलो?… हो, विजूताई, मीच, अहिल्या. आत्ताच चंडीगडच्या हायकोर्टातून आले… हो, हो, मंजूर झाला अर्ज."

पुण्याहून नणंदेचा फोन होता. अहिल्याने बाल्कनीचं दार लोटून घेतलं. बाहेर विश्वास, तिचा नवरा, गुडगावच्या अर्धवट बांधलेल्या इमारतींकडे बघत बसला होता.

"नाही, नाही… नुकसानभरपाईचा खटला इथेच चालणार. हे फक्त साक्षीचं… अहो, ऐका ना. ट्रकनं स्कूटर उडवली तेव्हा पायही मोडला होता ना? त्या हाडांच्या डॉक्टरांची साक्ष झाली, आणि इथले जजसाहेब म्हणाले, बस, आता दुसरा डॉक्टर नको, तारखा फार झाल्या… तेच तर! पाय केव्हाच बरा झाला."

अपघाताला तीन वर्षं झाली होती. नोकरी गेली हे विश्वासच्या सांगूनही लक्षात राहत नसे. रोज सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून मानेसरच्या कंपनीच्या बससाठी फाटकाशी उभा राही. अहिल्या त्याला हाताला धरून वर आणी.

"वकीलबाई म्हणाल्याच होत्या, खटला कसा चालवायचा ते खालचं कोर्ट ठरवतं, हायकोर्ट सहसा मध्ये पडत नाही… पण आज तिथल्या जजसाहेबांनीच विचारलं, इजा डोक्याला, आणि डोक्याच्या डॉक्टरांना ऐकायचंच नाही, हे कसं?… बिल्कुल. पण एकच तारीख दिलीय, सतरा. त्या दिवशी डॉक्टर आले नाहीत तर संपलं… येतील हो, शब्द दिलाय त्यांनी."

"…आनंद आहेच. पण ताई… यांनाही कोर्टात हजर ठेवायचंय. ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी मागून घेतलं तसं. आणि डॉक्टर सांगणार काय? की आता यात सुधारणा नाही… कधीच नाही. मी मात्र रोज म्हणते, होईल हळूहळू."

"तुम्ही याल का?… डॉक्टर बोलायला लागले की यांना बाहेर नेऊन बसा. बस, एवढंच… नाही? का?…"

विजूताई बराच वेळ बोलत राहिल्या. अहिल्या फोनची वायर बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"आधी मीच सांगू यांना?… पण विसरले तर?… हो… हो. पुन्हा सांगेन… नाही, परक्याच्या तोंडून नको, खरंय… पण तुम्ही याल ना?… बरं. आदल्या दिवशीच या. ठेवते."

तिने रिसीव्हर ठेवला, दार उघडलं. विश्वासने मान वळवली.

"कुठे गेली होतीस?"

"तुमच्यासाठी डॉक्टर मागायला," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "ऐका, काय सांगते ते."